फाटकापर्यंत

गिरणीवाला अंगणात येऊन उभा राहिला, तेव्हा भोंगेवाला खाटेवर बसून एका केबलचं टोक दातांनी सोलत होता. भर दुपार होती. गिरणीवाल्याच्या भुवयांवर एरवी पीठ असायचं. दोन वर्षं पाऊस हुकल्यापासून दळणं कमी झाली आणि भुवया काळ्या दिसायला लागल्या. त्याने चपला काढल्या, पुन्हा घातल्या. बसा म्हणायला कोणी तयार नव्हतं.

"उद्याचं माहीतच आहे तुम्हाला," तो म्हणाला.

माहीत कसं नसेल? उद्याची तारीख याच अंगणात, याच खाटेवर बसून ठरली होती. मुलगा गिरणीवाल्याचा, मुलगी भोंगेवाल्याची. चार महिन्यांपूर्वी तोंडं गोड झाली आणि दोन महिन्यांपूर्वी निरोप आला. निरोप घेऊन घरचं माणूससुद्धा आलं नाही. गिरणीतल्या हमालाने पिठाची पिशवी ठेवली आणि तिच्याबरोबर तेही सांगून टाकलं. हजार माणसांपुढं माइक धरणारी सून आम्हाला नको. जिचा आवाज दहा गावं ओळखतात ती चुलीपुढं काय शोभणार, असं गिरणीवालीचं म्हणणं होतं. तारीख मात्र त्यांनी मोडली नाही. आचारी, ताडपत्र्या, खुर्च्या सगळं सांगून झालं होतं. तेवढी मुलगी बदलली.

"आवाजवाल्याचा टेंपो ओढ्यात उलटला," गिरणीवाला केबलकडे बघत म्हणाला. "सगळ्या पेट्या पाण्यात. म्हणजे पाणी कुठलं, चिखलात. आता ऐन वेळी दुसरा मिळेना. तारीख ढकलावी तर विहिरीत तीन हात पाणी उरलंय. पुढच्या आठवड्यात पाव्हण्यांना काय पाजू?"

आत भांडं आपटल्याचा आवाज आला. भोंगेवाल्याच्या बायकोचं मत ते होतं.

"जमणार नाही," भोंगेवाला म्हणाला. तोंडात तांब्याची तार होती, ती त्याने थुंकून टाकली.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. हातात माइकचा स्टँड होता, बोटं ग्रीसने काळी. लहानपणी रडायला लागली की तीन घरं जागी व्हायची, म्हणून बापाने तिचं नाव पिपाणी पाडलं होतं आणि तेच चिकटलं. तसं चिकटलेलं नाव बापालाही होतंच. पितळी भोंगे विकून त्याला पंधरा वर्षं झाली. आता बारा पेट्या होत्या, मिक्सर होता, जनरेटर होता, टेंपोच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत डीजे रंगवलेलं होतं. तरी गावाच्या तोंडी तो भोंगेवालाच.

"किती वाजता सुरू करायचं?" पिपाणीने विचारलं.

गिरणीवाल्याने पहिल्यांदा मान वर केली. "नऊला."

"मग सहाला येतो."

तो गेल्यावर आई बाहेर आली आणि दोघांना धारेवर धरलं. ज्यांनी उंबऱ्यावरून परत लोटलं त्यांच्याच दारात वाजवायला जायचं? जनाची नाही, निदान मनाची तरी? भोंगेवाल्याने केबल गुंडाळायला घेतली. त्याच्या मनात तेच होतं.

"आई, नाही गेले तर म्हणतील घरात रडत बसलीय," पिपाणी स्टँडचा स्क्रू आवळत म्हणाली. "गेले तर म्हणतील लाज सोडली. बोलणार तर दोन्हीकडून आहेत. मग काम तरी होऊ दे."

"आणि काही बिघडलं तर?" भोंगेवाला म्हणाला. "साधी वायर निसटली, माइक शिट्टी मारायला लागला, तरी म्हणतील मुद्दाम केलं. सूड घेतला म्हणतील. गावभर होईल."

"म्हणून काही बिघडू द्यायचं नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

हाच घोर घेऊन भोंगेवाला पहाटे टेंपोत बसला. इतर लग्नांत थोडं इकडचं तिकडं झालं तरी लोक हसून सोडून देत. आज कोणी हसणार नव्हतं.

गिरणीचं आवार मोठं होतं. एका टोकाला गिरणीचं लोखंडी दार, दुसऱ्या टोकाला रस्त्यावरचं फाटक, मध्ये ताडपत्र्यांची सावली आणि तिच्याखाली लाल खुर्च्यांच्या रांगा. टेंपो आत येईना, म्हणून पेट्या फाटकापासून वाहून आणाव्या लागल्या. एकेक पेटी उचलताना भोंगेवाल्याच्या कमरेत कळ जायची. तो बोलायचा नाही, पण पिपाणी जड बाजू आपल्याकडे घ्यायची. तिला वाटायचं त्याच्या ते लक्षात येत नाही.

"इथं नको," त्याने पहिली पेटी टेकवताच ती म्हणाली. "दहानंतर इथं ऊन येतं, मशीन तापेल. त्या खांबाला घ्या. जनरेटर कोंड्याच्या खोलीमागं, म्हणजे धूर बाहेर जाईल."

भोंगेवाल्याने तिच्याकडे पाहिलं. आवार तिने एकदाच बघितलं होतं, चार महिन्यांपूर्वी. पण विचार करायला वेळ नव्हता.

वायरी पसरून होत आल्या तेव्हा गिरणीवाली आली. नवी साडी, हातात किल्ल्यांचा जुडगा. पिपाणी दोन पावलांवर होती तरी बाई तिच्याशी बोलली नाही, बापाशी बोलली.

"तिला जरा पडद्यामागं बसवा. पाव्हणे येणार, नवऱ्या मुलीची माणसं येणार. कोणीतरी दाखवणार, ती बघा ती. कशाला उगाच? आवाज काय, मागूनही येतोच की."

भोंगेवाल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सगळ्या वायरी गोळा कराव्यात आणि चालू लागावं, असं त्याला फार वाटलं.

"बसते की," पिपाणी म्हणाली. "मागं सावली पण असेल."

मागं सावली नव्हती. रंगीत कापडाचा पडदा आणि गिरणीची पत्र्याची भिंत यांच्यामध्ये हातभर बोळ होता आणि पत्रा आठ वाजताच हात भाजेल इतका तापला होता. पिपाणीने तेलाचा रिकामा डबा उपडा केला, त्यावर बसली, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि मांडीवर घडी घातलेला एक कागद उघडला. आता बापलेकीला एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. मग तिने पडद्याखालून सुतळी सरकवली. भोंगेवाल्याने ती करंगळीला बांधली. एक झटका म्हणजे आवाज कमी, दोन म्हणजे वाढवा, तीन म्हणजे बंद. अशी युक्ती त्यांना कधी लागली नव्हती, पण दोन मिनिटांत बसली.

नऊला सुरू झालं आणि साडेनऊला पहिलं विघ्न आलं. नवरीची बस वाटेत टायर फुटून उभी राहिली. दीड तास तरी लागेल, असा फोन आला. पाचशे माणसं, वर तापलेली ताडपत्री, वारा नाही. अशा वेळी गर्दी आधी घड्याळ बघते, मग आचाऱ्याकडे बघते आणि मग भांडण शोधते.

करंगळीला एक झटका बसला. भोंगेवाल्याने गाणं खाली आणलं आणि पडद्यामागून पिपाणीचा आवाज आला, सावकाश, जणू घाई नावाची गोष्ट जगात नाहीच.

"नवरीची गाडी वाटेत जरा विसावलीय. आपणही विसावू. पुढच्या रांगेतल्या आजी-आजोबांना आधी पाणी. पाणी वाटणाऱ्या दादांनी ग्लास अर्धाच भरावा, मागितला तर पुन्हा द्यावा. आचारीमामा, पोरांची पहिली पंगत आत्ताच बसू दे, म्हणजे ती रडायची नाहीत आणि आयांना जरा हसता येईल."

लोक हसले. पोरं पळाली. विहिरीतल्या तीन हात पाण्याची काळजी कोणीतरी घेतंय, हे गिरणीवाल्याला कळलं असावं, कारण त्याने पडद्याकडे पाहिलं आणि चटकन दुसरीकडे पाहिलं.

मग नवऱ्याचे दोन काका पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवरून तापले. धाकटा बसला होता, थोरला उभा होता आणि खुर्चीची पाठ दोघांच्या हातात होती. भोंगेवाल्याने आवाज वाढवायला हात नेला. भांडण झाकायची ती नेहमीची रीत. पण सुतळीला तीन झटके बसले. सगळं एकदम शांत.

"नवऱ्याच्या दोन्ही काकांचा फोटो काढायचाय," पिपाणीचा आवाज आला. "दोघांनी कृपा करून फाटकाजवळ यावं. शेजारी शेजारी."

पाचशे माणसं बघत असताना खुर्ची ओढणं अवघड असतं. दोघांनी सदरे नीट केले आणि चालू लागले. ते परत येईपर्यंत खुर्चीवर एक म्हातारी बसली होती, तिला उठवायची कोणाची छाती नव्हती.

साडेदहाला वीज गेली. जनरेटर लावला, तो दहा मिनिटं चालला आणि खोकायला लागला. दोन वर्षांची धूळ. भोंगेवाला कोंड्याच्या खोलीमागं धावला, नळी काढली, तोंड लावून ओढली. डिझेलचा घोट घशात गेला. डोळ्यांतून पाणी आलं, ओकारी आली, ती त्याने गिळली. गुडघे कोंड्यात, हात काळे, आणि डोक्यात एकच, आता म्हणतील मुद्दाम. पण तिकडे पिपाणीचा आवाज थांबला नव्हता. तिने माइक आणि एक पेटी आधीच बॅटरीवर घेतली होती. ती कोणाच्या तरी हरवलेल्या चष्म्याची वर्दी देत होती, चष्मा ज्याचा होता त्याच्याच कपाळावर असल्याचं सांगत होती. जनरेटर सुरू झाला तेव्हा गाणं इतकं हळूच परत आलं की वीज गेली होती हे मागच्या रांगांना कळलंही नाही. भोंगेवाल्याला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच अभिमानाने त्याला रडूही आलं. डिझेलची चव दिवसभर गेली नाही.

बस आली. नवरी उतरली, एक सावळी, घाबरलेली मुलगी. तिच्यामागे तिचा बाप. तो विहिरी खोदायचा. उजव्या हाताची दोन बोटं सुरुंगाने नेलेली, बाकीच्या नखांत मुरलेली माती. नवा सदरा त्याला खांद्यात घट्ट होत होता. एवढ्या मोठ्या आवारात आपण कुठं उभं राहावं हे त्याला कळेना, म्हणून तो भोंगेवाल्याच्या पेटीला टेकून उभा राहिला. त्याला बरं ऐकू येत नसावं. त्याने पेटीवर पंजा ठेवला आणि आतली धडधड लागली तसा हसला.

लग्न लागायला थोडाच वेळ असताना वावटळ उठली. फाटकातून धुळीचा खांब आत आला, ताडपत्र्या फुगल्या, खुर्च्या कलंडल्या, आणि पडदा वरच्या दोरीसकट फाटून उडाला. मागं पिपाणी दिसली. उपड्या डब्यावर बसलेली, ओढणी घामाने डोक्याला चिकटलेली, तोंड पत्र्याच्या धगीने लाल. एका हातात माइक, दुसऱ्याने मांडीवरचा कागद दाबून धरलेला. सगळ्या आवाराने तिला पाहिलं. ती बघा ती, असं म्हणणाऱ्यांनी म्हटलंही.

ती हलली नाही. "वावटळ आहे, दोन मिनिटांत जाते," ती म्हणाली. "खांबाजवळच्यांनी खांब धरा. मुलांना मधे घ्या, खाली बसवा. आचारीमामा, चूल झाका. कोणी पळू नका."

आणि लोकांनी ऐकलं. पाचशे माणसांनी तिच्या एका शब्दावर खांब धरले, पोरं छातीशी घेतली. एका खांबाला तर खुद्द गिरणीवाली मिठी मारून उभी होती, किल्ल्यांच्या जुडग्यासकट. नवऱ्याने एकदा पिपाणीकडे पाहिलं. मग तो खाली वाकून बुटांवरची धूळ पुसायला लागला आणि बराच वेळ पुसत राहिला.

वावटळ गेली. मग पहिलं काम काय झालं, तर पडदा परत बांधला गेला.

लग्न लागलं. पंगती उठल्या. बापलेकीला ताटं मिळाली ती सगळ्यांच्या शेवटी, भांडी घासायच्या जागेजवळ, उष्ट्या पाण्याच्या ओघळापाशी. पिपाणीने दोन घास खाल्ले. "जेव ना," भोंगेवाला म्हणाला. "नंतर," ती म्हणाली. तिच्या दंडावर पत्रा लागून लांब चट्टा उठला होता. त्याने विचारलं नाही आणि तिने झाकला नाही.

उन्हं उतरली. नवरी नव्या घरी जायची होती. गिरणीवाल्याचं घर रस्त्यापलीकडे, फाटकातून बाहेर पडलं की समोर. आता एवढाच शेवटचा भाग उरला. तो पार पडला की दिवस सुटला. भोंगेवाला करंगळीवर झटक्याची वाट बघत उभा राहिला.

झटका आला नाही.

गाणं संपत आलं. लोक उठायला लागले, चपला शोधायला लागले. नवरी गिरणीच्या दारात उभी होती आणि तिला पुढं काय करायचं ते कोणी सांगत नव्हतं. भोंगेवाल्याने आपल्या बाजूने सुतळी ओढली. पलीकडून ती सैलच सरकत आली. दिवसभर सांभाळलं आणि आता? त्याने जुनंच एक गाणं पुन्हा लावून दिलं आणि पडदा बाजूला करून आत गेला.

पिपाणी डब्यावर बसली होती. माइक बंद करून मांडीवर ठेवलेला. ओठ घट्ट मिटलेले.

"काय झालं?"

तिने कागद पुढं केला. शाळेच्या वहीचं पान होतं, घड्यांवर झिजून मऊ झालेलं. शाई जुनी होती. भोंगेवाला चष्मा न लावता, लांब धरून वाचायला लागला. जनरेटर कोंड्याच्या खोलीमागं. दहानंतर पेट्यांवर ऊन. पोरांची पंगत आधी. दोन्ही काका भांडतील, फोटोला बोलवायचं. वीज गेली तर बॅटरी. सगळं आजचंच होतं आणि सगळं चार महिन्यांपूर्वीचं होतं. मधे मधे एक शब्द पेन्सिलीने खोडून त्यावर दुसरा लिहिला होता. जिथे जिथे 'मी' होतं, तिथे तिथे 'नवरी' केलेलं होतं.

शेवटच्या ओळीत खोडलेलं नव्हतं.

'निघताना मी आणि बाबा. गिरणीच्या दारापासून फाटकापर्यंत. बाबांची धून. तीन मिनिटं लागतात, मोजलंय.'

बाबांची धून म्हणजे एक बासरीची कॅसेट होती, शब्द नसलेली. भोंगे बरोबर बसलेत का ते बघायला तो ती लावायचा, आणि पाळण्यातली पिपाणी ती लागली की रडायची थांबायची. कॅसेट कधीच तुटली होती. तिने ती कुठूनतरी उतरवून ठेवली होती हे त्याला माहीतच नव्हतं.

"दुसरी यादी करायला वेळ नव्हता," पिपाणी म्हणाली. "जागा तीच, माणसं तीच. म्हटलं तयार आहे ती वापरू. सगळं वाचलं मी. एवढं वाचवेना."

"सोड हे. साधं काहीतरी लावतो."

"नाही." ती त्याच्याकडे न बघता बोलली. "त्या मुलीचं काय चुकलंय? तिचा बाप आल्यापासून पेटीला धरून उभा आहे. धून गाण्यांच्या शेवटी घातलीय. बाबा, तुम्ही बोला."

वीस वर्षांत भोंगेवाला माइकवर 'हॅलो, चेक' यापलीकडे काही बोलला नव्हता. माणसांपुढं त्याची जीभ जड व्हायची, म्हणून तर पोरगी बोलायला लागली होती. त्याने माइक घेतला, पडद्याबाहेर आला आणि मिक्सरपाशी उभा राहिला. तोंडात अजून डिझेल होतं.

"हॅलो," तो म्हणाला. माइक शिट्टी मारायला लागला, त्याने घाईने लांब धरला. "नवरीच्या वडिलांनी... मुलीजवळ जावं. तिच्याबरोबर फाटकापर्यंत चालावं. दोघांनीच. बाकीच्यांनी जरा थांबावं." त्याला पुढचं सुचेना. "बापाला कोणी घाई करू नका," तो म्हणाला आणि माइक खाली ठेवला.

विहीरवाल्याला कळलं नव्हतं. कोणीतरी त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं. तो पेटीपासून निघाला, मुलीपर्यंत गेला, आणि तीन बोटांचा हात पुढं करावा की नाही या विचारात थांबला. मुलीने तो धरला. भोंगेवाल्याने बासरी सुरू केली. ती दोघं चालायला लागली, खुर्च्यांच्या मधून, सांडलेल्या फुलांवरून, आणि चपला शोधणारी माणसं जिथल्या तिथं उभी राहिली. बाप सरळ समोर बघत होता, जणू खांद्यावर भरलेला हंडा आहे. फाटकाशी ती दोघं पोहोचली आणि धून संपली. बरोबर संपली.

भोंगेवाला पडद्याकडे पाठ करून उभा होता. करंगळीची सुतळी ताणली गेली, पण झटका नव्हता. पलीकडे कोणीतरी ती नुसती घट्ट धरून ठेवली होती.

आवार रिकामं व्हायला लागल्यावर गिरणीवाली आली. डोळे ओले होते, खरेच ओले होते.

"कसं बिनघोर पार पडलं बघा," ती म्हणाली. "नखाएवढी खोट राहिली नाही. आणि ते शेवटचं, बापलेकीचं! कोणाच्या डोक्यातून आलं हो? पुढच्या वर्षी धाकट्याचं आहे. तेव्हाही असंच करा."

भोंगेवाला वायर गुंडाळत होता. "ते एकाच लग्नाचं होतं," तो म्हणाला. बाईला ते कळलं नाही. तिने मान हलवली आणि किल्ल्या वाजवत निघून गेली.

पेट्या पुन्हा फाटकापर्यंत वाहून न्यायच्या होत्या. अकरा गेल्या. शेवटची बेसची, सगळ्यात जड, गिरणीच्या दाराजवळ उरली. एका बाजूचा कान पिपाणीने धरला, दुसऱ्या बाजूचा बापाने. उचलताना कमरेत कळ गेली. दोघं निघाली, खुर्च्यांच्या मधून, तुडवलेल्या फुलांवरून. गिरणीवाल्याच्या घरातून हसण्याचे आवाज येत होते. आवारात दुसरं कोणी नव्हतं.

अर्ध्या वाटेवर पिपाणी म्हणाली, "जड होतेय का बाबा? ठेवू या खाली?"

"नाही."

"मग इतकं हळू का चालताय?"

भोंगेवाल्याने पेटीचा कान या हातातून त्या हातात घेतला.

"घाई कुठंय," तो म्हणाला.

मग तीही हळू चालायला लागली.